वेळेवर घाबरणारे म्हात्रे सर

मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये एक गृहस्थ डोक्यावर हेल्मेट घालून शिरले. स्कूटर बाहेर लावली असेल, असं मी समजले. संध्याकाळी अंबरनाथ स्टेशनला जायला शेअर रिक्षात बसले, तर मधल्या सीटवर हेच गृहस्थ, आणि हेल्मेट डोक्यावरच. मला हसू आवरेना. त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "हसा मॅडम. वेळेवर घाबरलेला माणूस वेडा दिसतो खरा. पण उशिरा घाबरलेला नंतर दिसतच नाही."

हे म्हात्रे सर. ते इतिहास शिकवायचे, मी भूगोल. पुढे कळलं की राहतात पण आमच्याच बिल्डिंगमध्ये, बदलापूरला बेलवलीत. दुसऱ्या मजल्यावर. पूर आला तर पहिला मजला बुडतो, भूकंप झाला तर चौथ्यावरून उतरता येत नाही, म्हणून दुसरा. बायको लवकर गेली, मुलगी नाशिकला दिलेली. एकटा माणूस, पण दाराला तीन कड्या. दाराशेजारच्या खुंटीला एक पिशवी कायम भरून ठेवलेली: टॉर्च, बिस्किटं, बीपीच्या गोळ्या, आधार कार्ड. दिवाळीत चार दिवस कानात कापूस. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल वाजायला लागले की हा माणूस जिन्याखाली.

मी माहेरची सातारची. आमच्याकडे असल्या पुरुषाला सरळ भागूबाई म्हणतात, आणि मीही मनात तेच म्हणत होते. तोंडावर म्हणायचं राहिलं ते केवळ वयाचा मान म्हणून. एकदा मात्र चिडून विचारलं, "सर, तुम्हाला नक्की भीती कशाची वाटते?" ते म्हणाले, "चांगल्या माणसांची. वाईटांचा अंदाज असतो हो."

सर मूळचे उंबरपाड्याचे. बदलापूरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी उंबरपाडा आणि जांभूळशेत अशी दोन जोडगावं आहेत, मध्ये फक्त एक ओहोळ आणि त्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल; उंबरपाड्याच्या काठाला दोन्ही गावांची मिळून एकच गावदेवी. दोन्हीकडे आगरी वस्ती, दोन्हीकडे तीच आडनावं, लेकी या गावच्या त्या गावाला दिलेल्या. अशा गावातला हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून तेव्हाच्या युगोस्लाव्हियात इतिहास शिकायला गेला. तीन वर्षांनी परत आला तर तो देशच उरला नाही. गावात सरांना हऱ्या म्हणत; तिथे अजून सांगतात, "हऱ्या गेला नि देस मोरून आला. पनवतीच हाय त्यो." सर स्वतःच हे हसत हसत सांगायचे. हसताना डोळे मात्र दाराकडे असायचे.

त्यांचा अभ्यासाचा विषय होता बाल्कनमधल्या मध्ययुगीन सीमा. आता अंबरनाथच्या बी.ए.च्या पोरांना त्याचं काय! पण सरांचा तो तास मी दाराबाहेर उभी राहून ऐकलेला आहे. फळ्यावर नकाशा काढायचे आणि राज्याची हद्द खडूने काढून झाली की ती रेघ अंगठ्याने पुसून पुसून पसरवायचे. पांढरा धुरळा उरायचा फक्त. "ही हद्द," म्हणायचे. "हजार वर्षांपूर्वी हद्द अशी असायची. राजाची माणसं जिथपर्यंत जाऊन शेतसारा घेऊन जिवंत परत येत, तिथपर्यंत राज्य. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. कुंपण घालून कुणी बसलं नव्हतं." पोरांनी वहीत पेनाने कडक रेघ ओढली की मार्क कापायचे. त्यांचा अंगठा कायम पांढरा असे. भूगोलाच्या बाईला हे कसं पटावं? माझी उभी हयात रेघा ओढायला शिकवण्यात गेली.

तिथल्या एका राजाची गोष्ट ते दरवर्षी सांगत. बेलग्रेडला त्यांचे दोन सोबती होते, एक मॅसिडोनियाचा, एक बल्गेरियाचा. तिघं एका खोलीत राहायचे, एका भांड्यात शिजवायचे. हजार वर्षांपूर्वी मेलेला तो राजा पहिला म्हणे आमचा, दुसरा म्हणे आमचा. रोज रात्री जेवताना वाद, मग आलुबुखाराची दारू, मग गाणी. सर मध्ये बसून मजा बघायचे. "मी एकदा म्हटलं, अरे, त्या राजालाच विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी ख्रिस्ताचा आणि माझ्या बापाचा, तुम्ही कोण? दोघं खूप हसले. पुढच्या वर्षी मी तेच वाक्य बोललो. तेव्हा कुणी हसलं नाही." मग कोसोव्होचं सांगायचे, तिथलं भांडण वेगळ्याच दोघांचं. एक म्हणतो आमच्या राजांची देवळं इथे आहेत, दुसरा म्हणतो आमची घरं इथे आहेत. "दोघंही खरं बोलतात, पोरांनो. म्हणून तर भ्यायचं."

खरी भीती त्यांना कुठे लागली ते त्यांनी मला एकटीला सांगितलं, घरी पुरणपोळीचं ताट द्यायला गेले होते तेव्हा. शेवटच्या वर्षी ते जुनी कागदपत्रं पाहायला दानूब नदीकाठच्या एका गावात राहत होते. घरमालकीण सर्ब, शेजारीण क्रोएट. भाषा एकच, अंगण एकच. तिथे थंडीच्या तोंडाला लाल भोपळी मिरच्या पोत्यांनी आणून अंगणात चुलीवर भाजतात, सोलतात आणि वर्षभराचं वाटण करून बरण्या भरतात. त्या दोघी लग्न होऊन आल्यापासून एकाच चुलीवर मिरच्या भाजत आलेल्या. त्या वर्षी शेजारणीने आपल्या दारात वेगळी चूल मांडली. भांडण नाही, तंटा नाही. आपल्या मिरच्या आपण भाजाव्यात, एवढंच म्हणाली. घरमालकीण म्हणाली, बरं झालं, धूर कमी.

"मी त्याच आठवड्यात सामान बांधलं," सर म्हणाले. "सगळे हसले मला. इंडियन विद्यार्थी मिरच्यांना घाबरून पळाला म्हणाले. तोफा पुढच्या वर्षी आल्या." पुरणपोळी ताटात तशीच राहिली होती. मी विचारलं, "त्या दोघींचं काय झालं?" त्यांनी उठून दाराच्या कड्या तपासल्या. त्या दिवसापासून मी त्यांना मनातसुद्धा भागूबाई म्हटलं नाही.

आणि अशा माणसाने नकाशा काढून दिला. का, तर नाही म्हणायला भ्याले म्हणून.

सर निवृत्त झाल्यावरची ही गोष्ट. डोंगराखालच्या जमिनींना भाव आल्यापासून उंबरपाड्याच्या पोरांना आपण मूळचे कोण याची फार तहान लागली होती. बंटी म्हणून सरांचाच जुना विद्यार्थी, युवा मंडळाचा अध्यक्ष, चार पोरं घेऊन घरी आला. मी नेमकी तिथेच होते.

"सर, अंबरनाथचं शिवमंदिर बांधलं ना, त्या टायमाला दगड आपल्याच गावाने वाहिला. आपण राजाची माणसं. जांभूळशेतवाले मागून आले, खाडीकडून, मिठागरं सुटल्यावर. बरोबर ना?"

"असा काही पुरावा नाही रे," सर म्हणाले.

"नाही तर नाही. पण शीव तर असेल ना? गावदेवी कोणाच्या हद्दीत येते, तेवढा मॅप काढून द्या. जत्रेला बॅनर लावायचाय. तुमचं नाव टाकतो, फोटोसकट."

पोरं हसतमुख होती, पाया पडली होती, पण दार अडवून उभी होती. सरांनी पेन्सिल घेतली. दोन्ही गावांवर, मोरीवर, देवळावर सगळीकडे मिळून एक राखाडी धुरळा पसरवला, अंगठ्याने चांगला घोळला, आणि खाली लिहिलं, "अंदाजे. याबाबत मतभेद आहेत." पोरं गेल्यावर म्हणाले, "यातून कुणाला काही काढता येणार नाही." आणि कड्या लावल्या.

आठ दिवसांनी बॅनर लागला, चांगला दोन मजली. सरांचा धुरळा गायब. त्या जागी जाड लालभडक रेघ, ओहोळाच्या पार पलीकडून गेलेली, देवी आणि मोरी दोन्ही उंबरपाड्यात घेऊन. वर लिहिलेलं, "राजाचे खरे वारस". खाली सरांचा फोटो, "परदेशात शिकलेले संशोधक". सरांनी मला फोन केला. नुसतं "रेघ, रेघ" ऐकू येत होतं.

बॅनर छापणारा टेकूशेठ, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दुकान. आमच्या कॉलेजचे सगळे फ्लेक्स तोच करायचा, सरांचा जुना दोस्त. सर मला ओढतच तिकडे घेऊन गेले. टेकूशेठ बिचारा प्रेमाने म्हणाला, "आओ साईं, बॅनर पाहिला? एकदम कडक आला ना!"

"शेठ, ही रेघ कुणी ओढली?"

"अरे सर, तुमचा कागद स्कॅन केला तर नुस्ता धब्बा. धुंधला प्रिंट दिला तर गिऱ्हाईक पैसे देत नाही, बोलतो मशीन खराब. लडके बोले, लाइन साफ करो. ऑपरेटरने बाहेरून स्ट्रोक मारला, मतलब जाड किनार, लाल में. आम्ही सगळ्यांनाच मारतो. उठून दिसतं."

"आणि 'अंदाजे' लिहिलं होतं ते?"

टेकूशेठने कॉम्प्युटरवर फाइल उघडून बघितलं. "वो तो नीचे था. कमिटीच्या फोटोंखाली गेलं. सोळा फोटो होते, साईं, जागा कुठे?"

सर खुर्चीत बसले. अख्खा जन्म रेघ पुसण्यात गेला आणि शेवटी प्रिंट चांगली यावी म्हणून ती ओढली गेली, हे टेकूशेठला कसं समजावणार! पण टेकूशेठला त्यांच्याकडे बघून काहीतरी समजलं. आवाज उतरला त्याचा. "मेरा बाप था ना, सिंध से आया हुआ, पेपरमध्ये मॅप आला की पान पलटायचा. बघायचाच नाही. मी हसायचो त्याला." त्याने सरांसमोर ती फाइल उडवली. मग हळूच म्हणाला, "पर लडकों के मोबाइल में तो गया, सर." आणि भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलं.

पुढचं सगळं सरांना आधीच दिसत होतं आणि आम्हाला नव्हतं. कुणी तरी बॅनर फाडला. दुसरा लागला, पहिल्यापेक्षा मोठा. जांभूळशेतवाल्यांनी आपला वेगळा बॅनर लावला, त्यांचे राजे वेगळे, रेघ ओहोळाच्या पार अलीकडून. व्हॉट्सॅपवर एकमेकांची कुळं निघू लागली. आमच्याच कॉलेजातली त्या दोन गावची पोरं, जी एका बाइकवर तिघं बसून यायची, ती वर्गाच्या दोन टोकांना बसू लागली. मी त्यावरही म्हटलं, वयच आहे.

मग एका सकाळी सरांनी आमची बेल वाजवली. पायात चप्पल नव्हती. "मॅडम, टोप वेगळे झाले."

गावदेवीच्या देवळामागच्या पडवीत लग्नाकार्याची मोठी भांडी असत, टोप, पराती, कढया. दोन्ही गावांनी वर्गणी काढून कधी काळी घेतलेली. कुणाचंही लग्न असो, भांडी तिथून जायची आणि घासून परत यायची. जांभूळशेतने आता स्वतःचा नवा संच आणला होता, प्रत्येक टोपावर गावाचं नाव कोरून. लोक म्हणत होते, छान झालं, एकाच तिथीला दोन लग्नं आली की ओढाताण व्हायची ती संपली.

मी दारातच उभी होते. दानूबकाठचं ते अंगण मला त्या क्षणी दिसलं, मी कधीही न बघितलेलं. "सर, नाशिकला जा मुलीकडे," मी म्हटलं. "आजच जा. तुम्ही तेव्हा गेलात तसे."

"तिथे त्या शेजारणीच्या घरात माझी बहीण दिलेली नव्हती," सर म्हणाले.

त्यांची थोरली बहीण, जनाबाय, जांभूळशेतला दिलेली. आणि जत्रेचा रिवाज असा, की देवीची पहिली ओटी उंबरपाड्यात जन्मलेल्या पण जांभूळशेतात नांदणाऱ्या लेकीने भरायची. त्यातही सगळ्यांत वडील जी असेल तिने. ज्यांनी हा रिवाज घातला ते भलतेच शहाणे असले पाहिजेत, आणि सरांसारखेच भित्रे. गेली काही वर्षं हा मान जनाबायचा होता. यंदा उंबरपाड्याची पोरं म्हणत होती, देवी आमच्या हद्दीत, ओटी आमचीच बाई भरेल, तिकडचं कुणी मोरी ओलांडायचं नाही. जांभूळशेतची म्हणत होती, आमच्या म्हातारीला अडवूनच दाखवा.

जनाबायला लोकांनी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मना देवीनं बोलावलंय, बंटीनं नाय."

जत्रेच्या दिवशी सर हेल्मेट हातात घेऊन माझ्या दारात आले. "तुम्ही येता का? मला एकट्याला भीती वाटते." मला वाटत नव्हती असं थोडंच होतं! नवरा नको म्हणत होता. पण मी गेले.

दुपारचं ऊन रणरणत होतं. पोलिसांची गाडी पार नाक्यावर, झाडाखाली. मोरीच्या अलीकडे बंटी आणि साठेक पोरं, पलीकडे तितकीच. डीजे दोन्हीकडे. हातात काय होतं ते सांगत नाही. झेंड्यांच्या काठ्या म्हणत होते, पण त्यांना झेंडे नव्हते. सगळी माझी किंवा सरांची शिकवलेली पोरं. ज्यांच्या वह्या मी तपासल्या ती तोंडं मला ओळख देत नव्हती.

सर बंटीपाशी गेले. "ती रेघ माझी नाही. मी लिहून देतो. हद्द कुणालाच माहीत नाही, मलाही नाही." डीजेत कुणाला ऐकू येणार? बंटी म्हणाला, "सर, तुम्ही घरी जा, तुमचं काम झालं." मागून एकजण ओरडला, "ह्याची भैन तिकरं दिलंय. त्यो त्यांचाच हाय." कुणी तरी सरांना ढकललं. हेल्मेट हातातून सुटलं आणि गडगडत ओहोळात गेलं.

तेवढ्यात पलीकडून जनाबाय मोरीवर आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात ओटीचं ताट. मोरीच्या मध्यावर पोचली आणि इकडून एक दगड गेला. तिला लागला नाही. कठड्यावर आपटून फुटला. म्हातारी होती तिथेच थांबली. पलीकडची पोरं एकदम पुढे सरकली, इकडचीही सरकली. आता होणार, मला वाटलं. मी डोळे मिटून घ्यायला हवे होते, पण मिटता आले नाहीत.

म्हणून मला दिसलं. सर चालायला लागले होते. मोकळ्या डोक्याने, दोन्ही बाजूंच्या काठ्यांच्या मधून, बहिणीकडे. दर पावलाला आता खाली बसतील असं वाटायचं. आणि त्यांच्या फिकट पँटवर ओला डाग पसरत खाली पायापर्यंत गेला.

आधी एकजण हसला. मग सगळे. इकडचे हसले, तिकडचेही हसले. डीजेवाल्यांनीही बघायला म्हणून आवाज बंद केला. सर त्या हसण्यातून चालत राहिले.

मग बंटीच्या लक्षात आलं की पलीकडचेही हसताहेत. "ए! हसतो कोणाला? आमचे सर हायेत ते!"

पलीकडून लगेच आलं, "आमचे गावाचे मामा हायेत, तू कोण रं?"

पुन्हा काठ्या उचलल्या गेल्या. आता सरांवरून. त्या क्षणाइतकी मी आयुष्यात कधी भ्याले नाही.

जनाबायने दोन्हीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ताट कठड्यावर ठेवलं, त्यातली देवीची हिरवी साडी उचलली, घडी मोडली आणि भावाच्या कमरेभोवती गुंडाळायला लागली. कुणी तरी बाई किंचाळली, "आगो, ओटीचं लुगरं!"

"देवीला कालचं धुतलेलं नेसवा," जनाबाय म्हणाली. "ह्ये माजे भावाला."

काठ्या वरच्या वर राहिल्या. देवीची साडी नेसलेल्या माणसावर काठी कशी उगारणार, हे दोन्ही गावांना एकदमच पडलेलं कोडं असावं. तिने एका हाताने ताट उचललं, दुसऱ्याने भावाचा दंड धरला. "चल हऱ्या. मी हाय ना."

त्या दिवशी कुणी मेलं नाही. एवढंच सांगता येतं. टोप अजून वेगळेच आहेत, आणि ती लाल रेघ माझ्या मुलाच्या मोबाइलवर परवाच कुठून तरी पुन्हा आली. मी पुसायला लावली, तो हसला. सरांना मुलगी त्याच संध्याकाळी येऊन नाशिकला घेऊन गेली. तिथेच ते वारले. मला पुन्हा भेटले नाहीत.

मी पाहिले ते शेवटचे मोरीवरून देवळाकडे जाताना. पोरं बाजूला होत होती, फार नाही, दोघं जेमतेम जातील एवढीच. जनाबाय पुढे बघून चालत होती. सर अजून डावीकडे बघत होते, उजवीकडे बघत होते, प्रत्येक काठीकडे बघत होते. साडीचा काठ लोळत होता, म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी घोट्याच्या वर धरला होता, पाय अडकून पडू नये म्हणून.